सिस्टर, आत्याबाई आणि तिवसेकर

सिस्टरांनी मला खोली दिली ती माझी नखं बघून.

अमरावतीला बियाणं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मला नोकरी लागली होती. अकोल्याहून रोजचं जाणं-येणं अंगावर यायला लागलं, तेव्हा शेगाव नाक्याच्या पुढे एका कॉलनीत मी खोली बघायला गेले. पांढऱ्या सुती साडीतल्या, उंच, काटक, सत्तरीच्या आसपासच्या बाईंनी दार उघडलं. गाव, पगार, जात, लग्न, यायची-जायची वेळ, घरमालक जे विचारतात त्यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही.

"हात दाखव."

मी दाखवले. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि माझी बोटं उलटीसुलटी करून पाहिली.

"नखं कापतं तू. बरं आहे. मांजराची ॲलर्जी?"

"नाही."

"शिंका? अंगाले खाज?"

"नाही हो."

"मग वरची खोली तुही. चावी त्या खिळ्याले आहे."

एवढ्यावर मुलाखत संपली. सामान आणायला मी अकोल्याला परत गेले तेव्हा आई म्हणाली, "बाई कशा आहेत?" मला नीट सांगता येईना. पुढे तीन-चार वर्षं त्यांच्या डोक्यावर राहिले, तरी आजही एका वाक्यात सांगता येत नाही.

त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि मेट्रन होऊन निवृत्त झाल्या होत्या. कॉलनीत सगळे त्यांना सिस्टर म्हणत. भाजीवाला, दूधवाला, समोरचे निवृत्त हेडमास्तरसुद्धा. यजमान जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. बहुतेक नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात गेलेली. त्यांच्याबरोबर बाजारात जाणं अवघड व्हायचं, कारण इतवारा बाजारात मिशीवाले बाप्ये मध्येच वाकून पाया पडायचे आणि म्हणायचे, "सिस्टर, मी तुमच्या हातचा." सिस्टर त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळत आणि म्हणत, "पोट वाढलं तुह्यं. शुगर पाहून घे."

घरात त्यांनी सगळीकडे दवाखान्यातले लांब दांड्याचे नळ बसवले होते. ते कोपरानं उघडायचे आणि कोपरानंच बंद करायचे. माझ्या वरच्या मोरीतही तसाच होता. पहिल्या आठवड्यात मी तो हातानं उघडताना त्यांनी पाहिला आणि तिथंच उभं राहून माझ्याकडून पाच-सहा वेळा कोपरानं उघडून घेतला. कुणी आलं की "या, बसा"च्या आधी "हात धुतले का?" हा प्रश्न असायचा. पोस्टमनला विचारायच्या. एकदा मतं मागायला आलेल्या उमेदवारालाही विचारलं. तो बिचारा कार्यकर्त्यांसकट अंगणातल्या नळावर रांगेत उभा राहिला.

माझ्या खोलीत त्या न सांगता येत. काही चोरून बघायचं असं नसे. सरळ डबे उघडत आणि पाकिटांवरच्या तारखा मोठ्यानं वाचत. "हे जिरं मागल्या साली मेलं," म्हणून पुडा उचलून घेऊन जात. संध्याकाळी नवीन जिरं आणून त्याच डब्यात भरून ठेवत. सुरुवातीला मला राग आला. मग मी त्यांच्या येण्याआधी स्वतःच तारखा बघायला लागले.

तर या घरात दोन मांजरं होती.

आत्याबाई करड्या रंगाची, गोल चेहऱ्याची, वयानं बरीच मोठी. दवाखान्यातल्या जुन्या चादरींच्या कोठीत जन्मलेली. सिस्टर निवृत्त झाल्या त्या दिवशी निरोपाची शाल, नारळ आणि आत्याबाई एवढं घेऊन रिक्षानं घरी आल्या होत्या. "आमी दोघी संगंच रिटायर झालो," असं त्या सांगत. आत्याबाईला त्या अहो-जाहो करायच्या. "आत्याबाई जेवल्या का?" "आत्याबाईंचं आज पोट ठीक नाही." ऑपरेशन होण्याआधी आत्याबाईला दोनदा पिल्लं झाली होती, आणि तिनं ती इतकी चोख वाढवली होती की सिस्टर तिचं उदाहरण शेजारच्या सुनांना देत.

दुसरा दादाराव. पिवळा, रुंद मानेचा, एक कान फाटलेला. तो आपल्या पायानं आला होता आणि अंगणातल्या इतर बोक्यांना हाकलून कायमचा राहिला होता. "यानं ॲडमिशन घेतलीच नाही, डायरेक्ट बेडवर येऊन झोपला," सिस्टर म्हणायच्या. त्याला अरे-तुरे. त्याचंही ऑपरेशन झालेलं होतं, पण त्याला ते कुणी सांगितलं नसावं असा त्याचा रुबाब होता. दोघांचं एकमेकांवर प्रेम बिलकुल नव्हतं. उन्हाळ्यात दुपारी कुलरसमोरची फरशी आत्याबाईची आणि खिडकीची कड दादारावची, अशी वाटणी झालेली होती. ती दोघंही पाळत.

"दोनच," सिस्टर सांगायच्या. कुणी पिल्लू आणून दारात ठेवलं तर त्याला खाऊ घालून, जंताचं औषध देऊन, चांगलं घर शोधून देत. "तिसरं नाही. घर म्हणजे धर्मशाळा नाही."

मग त्या तिवस्याला गेल्या.

त्यांच्या वॉर्डात एक आयाबाई होत्या, सगळी नोकरी त्यांच्यासोबत काढलेल्या. निवृत्तीनंतर आयाबाई गावी, तिवस्याला जाऊन राहिल्या होत्या. त्या वारल्याचा निरोप आला. सिस्टर सकाळच्या बसनं गेल्या आणि उन्हं कलल्यावर परत आल्या. मी अंगणात कपडे काढत होते. त्यांच्या खांद्याला कापडी पिशवी होती आणि पिशवीतून मुठीएवढं काळं-पांढरं डोकं बाहेर आलं होतं.

"हे काय?"

"तिच्या घरचं आहे. माय गाडीखाली आली त्याची. बाकीचे गेले, हे एकच राहिलं. पोरं घराले कुलूप लावून पुण्याले चालले."

"ठेवणार?"

"पाहू," सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी पिल्लू मांडीवर उलटं करून तपासलं. मादी होती. डोळे स्वच्छ, कानात घाण, पोट फुगलेलं. नाव ठेवण्यात वेळ घालवला नाही. तिवस्याहून आली म्हणून तिवसेकर.

मला वाटलं, आता पिल्लू घरात सोडतील आणि काय व्हायचं ते होईल. आमच्या अकोल्याच्या घरी असंच व्हायचं. सिस्टरांनी मला थांबवलं. मागच्या कोठीतली मोठी भांडी बाहेर काढली, खिडकीला जाळी ठोकली, कोपऱ्यात वाळूचं घमेलं ठेवलं आणि तिवसेकर आत गेली. दाराबाहेर एक जुना ॲप्रन आणि वेगळ्या चपला. कोठीत जाताना ॲप्रन, बाहेर आलं की ॲप्रन काढायचा आणि हात कोपरापर्यंत धुवायचे.

"आधी बिमारी पाह्यची. मंग वास. मंग आवाज. सगळ्यात शेवटी तोंड," त्या म्हणाल्या. "वॉर्डात नवीन पेशंट आणला का आपण थेट कोणाच्या खाटेवर टाकतो काय?"

जनावरांच्या डॉक्टरांनी पिल्लाला औषध दिलं, टोचलं. मग वासाचं काम सुरू झालं. तिवसेकर ज्या फडक्यावर झोपायची ते फडकं आत्याबाईच्या आणि दादारावच्या ताटलीजवळ यायचं. त्यांच्या अंगावरून फिरवलेला टॉवेल कोठीत जायचा. आत्याबाई फडक्याचा वास घ्यायची आणि सरळ उठून जायची. दादाराव त्याच्यावर पाय घासायचा, दात दाखवायचा आणि एकदा त्यानं त्याच्यावर मुतून ठेवलं. नंतर ताटल्या कोठीच्या बंद दाराच्या दोन्ही बाजूंना सरकत आल्या. दाराखालच्या फटीतून दादाराव पंजा आत घालायचा. आतून तिवसेकर त्या पंजाशी खेळायची. मला ते गोड वाटायचं. सिस्टर म्हणायच्या, "खेळून नाही राहिला तो. माप घेऊन राहिला."

सगळा धोका त्यांच्या मते दादारावचा होता. आत्याबाईबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

"त्यांनी पोरं वाढवले आहेत. बाई समजदार आहेत," असं त्या मला, डॉक्टरांना आणि स्वतः आत्याबाईलाही सांगत. म्हणून पहिली भेट आत्याबाईशी आणि तीही लवकर. डॉक्टर म्हणाले होते, आणखी थोडं थांबा, आधी जाळीतून दाखवा. सिस्टरांनी ते ऐकलं नाही. मे निम्मा सरला होता, कोठी तापायला लागली होती, पिल्लाला तिथं ठेवणं त्यांना बरं वाटेना.

एका रविवारी सकाळी त्यांनी दादारावला स्वयंपाकघरात कोंडलं. बैठकीत बुद्धाच्या मूर्तीखाली सतरंजीवर आत्याबाई पाय दुमडून बसली होती. सिस्टर तिवसेकरला दोन्ही हातांत घेऊन आल्या, गुडघे धरत खाली बसल्या आणि पिल्लू आत्याबाईच्या समोर ठेवलं. बाळंतिणीजवळ बाळ ठेवतात तसं. मी दारात उभी होते.

"घ्या आत्याबाई," सिस्टर म्हणाल्या.

आत्याबाईचं शेपूट दुप्पट झालं. एवढ्या वर्षांत मी तिचा आवाज फारसा ऐकला नव्हता. त्या दिवशी जो ऐकला तो मांजराचा वाटला नाही. तिवसेकर बिचारी शेपटी ताठ करून पुढे गेली, आणि फटका बसला. पिल्लाचं नाक फाटलं. सिस्टरांनी मध्ये हात घातला तर आत्याबाईनं मनगटाचा असा चावा घेतला की दात आरपार जातात की काय असं वाटलं. मग ती माझ्या पायांतून जिन्यावरून वर पळाली.

सिस्टरांनी आधी पिल्लाचं नाक धुतलं, औषध लावलं, त्याला कोठीत ठेवलं. मनगटातून रक्त साडीवर पडत होतं, त्याकडे नंतर पाहिलं. नळाखाली हात धरून उभ्या होत्या, पाणी कितीतरी वेळ वाहत होतं.

"माहा अंदाज चुकला," म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता. मात्र ते वाक्य त्यांनी थोड्या वेळानं पुन्हा म्हटलं, आणि त्या वेळी ते मला उद्देशून नव्हतं.

संध्याकाळी मी त्यांना इंजेक्शन घ्यायला दवाखान्यात घेऊन गेले. मांजरांना लसी दिलेल्या होत्या, तरी सिस्टरांना नियम म्हणजे नियम. तिथल्या कोवळ्या नर्सनं सुई हातात घेतल्याबरोबर सिस्टर म्हणाल्या, "दंड ढिला सोडाले सांग आधी मले." ती पोरगी घाबरली. पुढची सुई सिस्टरांनी तिला शिकवत शिकवत टोचून घेतली.

आत्याबाई वर गेली ती माझ्या खोलीत, कपाटाच्या माथ्यावर. खाली उतरेना. पाणी वर ठेवलं तर कधीतरी दोनदा जीभ लावायची. ताटलीकडे बघायचीसुद्धा नाही. दादाराव ओरडला की अंग चोरायची. खालून तिवसेकरचं बारीक म्याव ऐकू आलं की भिंतीला चिकटायची.

त्यात नवतपा लागला, मेअखेरचे ते नऊ होरपळीचे दिवस. वरच्या मजल्यावर स्लॅब तापून खोलीत भट्टी व्हायची. मी दिवसभर प्रयोगशाळेत, पंख्याखाली तरी असायचे. मांजर त्या कपाटावर, छतापासून हातभर अंतरावर. सिस्टरांनी आधी ओले टॉवेल टाकून पाहिले. मग एका दुपारी मी सुट्टीवर होते तर जिन्यावर खडखडाट ऐकू आला. पाहते तर सिस्टर कुलर वर चढवत होत्या. घरातला एकमेव चांगला कुलर. शेजारच्या दुकानातला माणूस खालून रेटत होता आणि सिस्टर वरून ओढत होत्या.

"सिस्टर, तुमचे गुडघे!"

"गुडघे माह्यासंग आहेत, कुठी जात नाहीत. तू वाळ्याच्या ताट्या घे."

"मग खाली तुम्हाला?"

"मले फरशी आहे."

कुलर कपाटासमोर लागला. खाली त्यांनी फरशीवर पाणी मारलं, ओली चादर खिडकीला टांगली आणि पिल्लू घेऊन तिथं आडव्या झाल्या. दादाराव ओल्या फरशीवर चारी पाय पसरून. कोठी तापल्यामुळे तिवसेकरला आता आत ठेवणं अशक्यच होतं. सिस्टर काठी जवळ घेऊन दादारावकडे डोळे लावून बसायच्या. तो काही करीना. एक दिवस त्यांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा तिवसेकर दादारावच्या पोटाशी झोपलेली आणि दादारावनं तिच्यावर एक पाय टाकलेला. सिस्टरांनी मला हाक मारून खाली बोलावलं.

"याले काय झालं?" त्या म्हणाल्या. त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण चेहरा फसवल्यासारखा होता. ज्याच्यावर पहारा केला तो सभ्य निघाला आणि जिच्यावर भरवसा ठेवला ती वर उपाशी बसली होती.

आत्याबाईनं खाणं सोडलं ते सोडलंच. डॉक्टर घरी येऊन बघून गेले. मांजर जास्त दिवस उपाशी राहिलं की यकृत जातं, वय पाहता आता वाट बघू नका, असं स्पष्ट सांगितलं. सलाईन लावलं. पातळ अन्न पिचकारीनं तोंडात घालायला सांगितलं. सिस्टरांनी आयुष्यभर किती जणांना नाकातून नळी घातली असेल. पण आत्याबाईचा जबडा त्यांच्याच्यानं धरवेना. शेवटी मी धरायची, त्या पिचकारी दाबायच्या. निम्मं बाहेर यायचं. आत्याबाई आमच्याकडे बघायचीसुद्धा नाही.

त्या दिवसांत सिस्टर माझ्या खोलीत बसायला लागल्या. जिना चढून आल्या की लगेच उतरवत नसे, म्हणून दुपारभर तिथंच. मी असले तर बोलायच्या. एरवी त्या स्वतःबद्दल फारसं बोलत नसत. एकदा नर्सिंगच्या ट्रेनिंगचं निघालं. ट्रेनिंग अकोल्याला झालं होतं, माझ्या गावात, म्हणून मी खोदून विचारलं.

"होस्टेलले सारे मिळून एक माठ होता," त्या म्हणाल्या. "दोघी-तिघी पोरी म्हणत, माठाले हात नाही लावायचा. मले तहान लागली का वरून ओतून देत. ओंजळीत."

"का?" असं माझ्या तोंडून निघालं आणि लगेच लाज वाटली, कारण ते मला कळायला हवं होतं.

"काहून म्हणजे? आमी बौद्ध. तेव्हा असं चालेच. आता बी चालते, पण आता माठ नसतो."

"मग तुम्ही काय केलं?"

"मी मोठा माठ आणला. काळा, चांगल्या भट्टीतला. रोज घासायची. त्यात पाणी असं थंड राहे का साऱ्या होस्टेलच्या पोरी माह्या माठाचं पाणी पेत."

"त्या दोघी-तिघीही?"

"त्या बी. मे महिन्यात."

"आणि तुम्ही पिऊ दिलं?"

"तहान लागली होती त्यांले," सिस्टर म्हणाल्या.

कुलरचा आवाज येत होता. कपाटावर आत्याबाई पाठ करून बसलेली. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "म्हणजे नवीन आलेल्याला सगळीकडे असंच. आत्याबाईंचं पण—"

"नाही," त्या मध्येच म्हणाल्या. "मांजराचं मांजराजवळ राहू दे. आत्याबाईले भेव वाटते म्हणून त्या फिस्कारतात. त्या पोरींले माहं भेव नव्हतं वाटत."

मग त्यांनी चष्मा पुसला, वर पाहिलं आणि बराच वेळ आत्याबाईच्या पाठीकडे बघत राहिल्या. "भेवच आहे हे," त्या म्हणाल्या. "मी त्यांच्या तोंडात पिचकारी कोंबून राहिली. भ्यालेल्याच्या तोंडात असं कोंबतात काय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना फोन केला. सकाळचं सलाईन चालू ठेवायचं, पण पिचकारी एक दिवस बंद ठेवते म्हणाल्या. डॉक्टर नाखूश होते. एकच दिवस, असं ठरलं. जिवाची गोष्ट होती आणि ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

दुपारी त्या वर आल्या ते स्वतःचं ताट घेऊन. भात आणि तळलेले मासे. कपाटाकडे पाठ करून त्या माझ्या खोलीच्या मध्यभागी फरशीवर बसल्या आणि जेवायला लागल्या. आत्याबाईला हाक नाही, ताटली नाही. मला डोळ्यांनीच सांगितलं, बस आणि बघू नको. मी प्रयोगशाळेतले कागद पुढे ओढले. सिस्टर सावकाश जेवत होत्या, काटे काढून ताटाच्या कडेला ठेवत होत्या. एवढ्या सावकाश मी त्यांना कधीच जेवताना पाहिलं नव्हतं.

कपाटावर काहीतरी हललं. मग खुर्चीवर धप्प. मग बराच वेळ काहीच नाही.

मी तिरक्या नजरेनं पाहिलं. आत्याबाई सिस्टरांच्या मांडीजवळ उभी होती, हाडांचा सापळा झालेली. तिनं मान लांब करून ताटाचा वास घेतला. सिस्टर जेवतच राहिल्या. आत्याबाईनं ताटात तोंड घातलं आणि माशाचा तुकडा उचलला. मग दुसरा. एका बाजूनं सिस्टर, दुसऱ्या बाजूनं आत्याबाई, ताट एकच. जी बाई पोस्टमनला हात धुवायला लावायची, तिनं मांजराचं तोंड लागलेला भात कालवून पुढचा घास घेतला.

आत्याबाई खाऊन तिथंच बसली आणि पंजा चाटायला लागली. सिस्टर ताट घेऊन उठल्या, मोरीत गेल्या. कोपरानं नळ उघडला. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या तेव्हा तोंडही धुतलेलं होतं आणि पदरानं पुसता पुसता म्हणाल्या, "उद्या बी मासेच आणतो."

त्यानंतर सगळं पहिल्यापासून सुरू झालं, पण या वेळी आत्याबाईच्या चालीनं. सिस्टरांनी सुताराकडून जिन्याच्या पायथ्याशी जाळीचं दार बसवून घेतलं. वर आत्याबाई, खाली दादाराव आणि तिवसेकर. फडकी पुन्हा वर-खाली जायला लागली. आत्याबाईची ताटली आधी माझ्या खोलीच्या दाराशी, मग जिन्याच्या वरच्या पायरीवर. ती खाऊन गेली तर पुढच्या खेपेस एक पायरी खाली. फिस्कारली तर पुन्हा एक पायरी वर. सिस्टरांनी घाई म्हणून केली नाही. डॉक्टरांना त्या म्हणाल्या, "तुमी सांगितलं होतं, मी नाही ऐकलं. आता त्या सांगतीन तसं." तिवसेकर जाळीच्या पलीकडे उड्या मारायची, पंजे बाहेर काढायची. वाढत्या वयाचं पोर ते. दादाराव तिला मानेला धरून मागे ओढायचा.

पोळ्याच्या सुमारास एका संध्याकाळी जाळीचं दार उघडं होतं. सिस्टरांनीच उघडून ठेवलं होतं आणि त्या तिकडे लक्ष नसल्यासारखं करत शेंगा सोलत बसल्या होत्या. आत्याबाई एकेक पायरी उतरून आली. तिवसेकर समोरच होती. आत्याबाईच्या गळ्यातून खालच्या पट्टीत गुरगुर निघाली. पिल्लू आता शहाणं झालं होतं. ते बाजूला झालं आणि जमिनीला पोट टेकवून बसलं. आत्याबाई तिच्याजवळून चालत गेली, बैठकीत जाऊन आपल्या जागी बसली, आणि पाय दुमडले.

"झालं?" मी हळूच विचारलं.

"अजून काही नाही झालं. मारामारी नाही झाली, एवढंच झालं," सिस्टर म्हणाल्या आणि शेंगा सोलत राहिल्या. पण सोललेले दाणे टरफलांच्या टोपलीत आणि टरफलं दाण्यांच्या वाटीत पडत होती.

पुढे वर्षभर तसंच चाललं. तिघं एका घरात राहायची. दादाराव आणि तिवसेकर एकमेकांवर झोपायची. आत्याबाई वेगळी. तिवसेकर फार जवळ आली तर गुरगुर, त्याहून जवळ आली तर थापड, नखं आत ओढून. मला ते अर्धवट वाटायचं. सिस्टरांना पुरेसं वाटायचं. "एका वॉर्डात राहतात. अजून काय पाह्यजे?" असं त्या म्हणत.

मग माझी बदली अकोल्याला झाली. घरच्यांना आनंद झाला. टेम्पोत सामान चढत असताना सिस्टर माझी खोली तपासत होत्या. कपाटामागे, खिडकीत, नळाखाली. खाली येऊन त्यांनी माझ्या हातात जंताच्या गोळ्या ठेवल्या. "सहा महिन्यांनी घेत जाय," एवढंच बोलल्या. मी पाया पडले तर पाठीवर हात ठेवला आणि मला तो जरा जास्त वेळ राहिल्यासारखा वाटला, पण खात्रीनं सांगता येणार नाही.

मी अधूनमधून फोन करायची. मांजरं ठीक आहेत, गुडघे आहेत तसे आहेत, नवीन भाडेकरीण डबे उघडे टाकते, असं सांगत.

एकदा भर दुपारी त्यांचाच फोन आला. मी प्रयोगशाळेत हरभऱ्याचे कोंब तपासत होते. नाव बघितलं आणि आधी आत्याबाईचं वय डोळ्यांपुढे आलं. ओले हात तसेच पुसून मी बाहेर व्हरांड्यात गेले.

"कामात आहे का?"

"नाही, बोला ना. काय झालं?"

"काही नाही झालं. आत्याबाईंनी तिवसेकरले चाटलं."

"काय?"

"चाटलं. कानाच्या मागं. आत्ता, माह्यासमोर. तिवसेकर झोपली होती, आत्याबाई उठल्या, गेल्या आणि चाटलं."

"मग?"

"मग तिवसेकर जागी झाली तर तिले थापड देली. आणि पुन्हा चाटलं." त्यांचा श्वास ऐकू येत होता. "इथं कोणाले सांगू? समोरच्या मास्तरले सांगितलं तर म्हणते, बरं, बरं. त्याले काय समजते? म्हणून तुले केला."

मी "हो सिस्टर" असं काहीतरी म्हटलं.

"बरं. ठेवतो."

पण फोन बंद करायला त्या विसरल्या. तो तसाच कुठंतरी, बहुधा सतरंजीवर ठेवला असावा. घरातली भांडी, रस्त्यावरचा भंगारवाला असे आवाज लांबून येत राहिले. मी ठेवणार होते, पण ठेवला नाही. मग अगदी जवळून, मी कधी न ऐकलेल्या मऊ आवाजात सिस्टर म्हणाल्या:

"आता दुसरा कान घ्या, आत्याबाई. तो बी मळला आहे."